टेम्प्लेट इंजिनाचा ड्रायव्हर लिहायचाय? आधी एररचं बघा

वेब फ्रेमवर्क (वेबसाइटचा तयार सांगाडा) आणि टेम्प्लेट इंजिन (साच्यात डेटा भरून पान बनवणारं सॉफ्टवेअर) यांच्यामध्ये जो थोडासा कोड बसतो, तो लिहिण्याचं काम माझ्याकडे योगायोगानं आलं आणि मग माझ्याच गळ्यात पडलं. पायथनच्या जँगो या फ्रेमवर्कमध्ये त्याला बॅकएंड म्हणतात, रूबीच्या रेल्समध्ये हँडलर, जावास्क्रिप्टच्या एक्सप्रेसमध्ये व्ह्यू इंजिन. आमच्या टीममध्ये या तिन्हींना सरसकट ड्रायव्हरच म्हणतात. टीममध्ये कुणी नवीन आलं की हे काम मी मुद्दाम त्यांच्याकडे देतो, कारण कोड थोडा असतो आणि त्या निमित्तानं फ्रेमवर्क आतून बघावं लागतं.

नवीन माणसाला वाटतं की टेम्प्लेट आणि डेटा इंजिनाला दिला, एचटीएमएल परत आलं, की झालं काम. तेवढं खरंच एका बैठकीत होतं. खरी कसरत पान रेंडर, म्हणजे तयार, होत नाही तेव्हा सुरू होते. टेम्प्लेट सापडलं नाही, वाक्यरचना चुकली, व्हेरिएबल आलंच नाही, अशा वेळी ड्रायव्हर काय करतो त्यावर मी त्याची लायकी ठरवतो.

सुरुवात वाचनानं करा. जँगोच्या सोर्समध्ये टेम्प्लेट फोल्डरच्या आत बॅकएंड्स नावाचं फोल्डर आहे. ही सोय २०१५ साली, १.८ आवृत्तीत आली. तिथली ‘डमी’ नावाची फाइल आधी उघडा. पायथनच्या साध्या स्ट्रिंग टेम्प्लेटवर उभा केलेला तो एक अख्खा ड्रायव्हर आहे, आणि जेमतेम स्क्रीनभर आहे. बेसइंजिन या क्लासमधून वारसा, ‘फ्रॉम स्ट्रिंग’ आणि ‘गेट टेम्प्लेट’ या दोन मेथड, आणि परत मिळणाऱ्या टेम्प्लेट ऑब्जेक्टवर एक ‘रेंडर’. बस. नंतर शेजारचीच, जिंजा या पायथनमधल्या टेम्प्लेट इंजिनाची फाइल वाचा. दोन्ही शेजारी ठेवल्या की खेळण्यातला ड्रायव्हर आणि खरा ड्रायव्हर यांत काय वाढतं ते दिसतं, आणि वाढलेल्यातलं बरंचसं एरर हाताळणंच असतं.

‘टेम्प्लेट सापडलं नाही’ या एका प्रकरणावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला लावतो. जँगोत एकाच वेळी दोन-तीन इंजिनं लावता येतात. फ्रेमवर्क सेटिंग्जमधल्या क्रमानं प्रत्येकाला विचारतं, तुझ्याकडे हे टेम्प्लेट आहे का? पण पुढच्या इंजिनाकडे ते एकाच अटीवर जातं: आधीच्यानं ‘टेम्प्लेट डझ नॉट एक्झिस्ट’ हाच जँगोचा एक्सेप्शन (कोडनं दिलेली एररची सूचना) फेकला पाहिजे. जिंजाचा स्वतःचा ‘टेम्प्लेट नॉट फाउंड’ तसाच बाहेर गळू दिला, तर शोध तिथेच संपतो. टेम्प्लेट पुढच्या इंजिनाकडे धडधडीत असलं तरी. त्यामुळे इंजिनाचा एक्सेप्शन पकडून फ्रेमवर्कचा फेकायचा, आणि पायथनचं ‘फ्रॉम’ लावून मूळ कारण सोबत जोडायचं. डमी ड्रायव्हर आणखी एक छान गोष्ट करतो. कुठकुठल्या पाथवर शोधलं त्याची यादी तो एक्सेप्शनला जोडतो, म्हणून डीबग पानावर ती सगळी ठिकाणं दिसतात. मध्यरात्री डिप्लॉय फसलेल्या माणसाला ही यादी किती मोलाची असते, ते त्यालाच विचारा.

इथे एक बारकावा आहे. मागितलेलं टेम्प्लेट सापडलं, पण त्यानं आत इन्क्लूड केलेलं दुसरं सापडलं नाही, तर एररमध्ये नाव कुणाचं यायला हवं? आतल्याचं. जिंजाचा ड्रायव्हर मागितलेलं नाव परत न छापता इंजिनाच्या एक्सेप्शनमधलं नाव उचलतो. मस्टॅश या अनेक भाषांत चालणाऱ्या टेम्प्लेट पद्धतीत तर वेगळीच गंमत: तिच्या स्पेसिफिकेशननुसार पार्शल (आत घेतलेलं दुसरं टेम्प्लेट) सापडलं नाही तर त्या जागी रिकामी स्ट्रिंग येते. पान मुकाट्यानं अर्धं येतं आणि कुणाला पत्ताही लागत नाही. नियम पाळायचा तर प्रॉडक्शनमध्ये पाळा. डीबग चालू असताना ड्रायव्हरनं निदान लॉगमध्ये ओरडावं, असं माझं मत आहे. व्हेरिएबल नसण्याचंही तेच. जिंजात ‘स्ट्रिक्ट अनडिफाइन्ड’ आहे, तो अशा वेळी एरर देतो, डेव्हलपमेंटमध्ये तो लावून ठेवा.

दुसरी मोठी जागा एस्केपिंगची, म्हणजे डेटामधले कोनकंसासारखे वर्ण ब्राउझरनं टॅग समजू नयेत म्हणून बदलून टाकण्याची. सुटं जिंजा एनव्हायर्नमेंट तयार केलं तर त्यात ऑटोएस्केप मुळात बंद असतं. जँगोचा जिंजा ड्रायव्हर ते चालू करून देतो. असा डिफॉल्ट बदलणं हे ड्रायव्हरचंच काम आहे, कारण इंजिन ईमेल किंवा कॉन्फिग फाइलसाठीही वापरलं जातं, पण तुमचा ड्रायव्हर वेबपानासाठी आहे.

आता उलटा त्रास बघा. समजा फ्रेमवर्कच्या फॉर्मनं आधीच एस्केप केलेलं, ‘सुरक्षित’ असा शिक्का असलेलं एचटीएमएल दिलं आणि तुमच्या इंजिनाला तो शिक्का कळतच नाही. मग ते पुन्हा एस्केप होतं आणि ब्राउझरमध्ये इनपुटच्या चौकटीऐवजी कोनकंसासकट टॅग छापलेला दिसतो. पायथनच्या जगात यावर एक अलिखित करार आहे: ऑब्जेक्टवर दोन्ही बाजूंना दुहेरी अंडरस्कोर असलेली ‘एचटीएमएल’ मेथड असली तर तो मजकूर तयार समजायचा. जँगो आणि मार्कअपसेफ (जिंजा एस्केपिंगसाठी वापरतं ती लायब्ररी) दोघंही हा करार पाळतात. जँगोचं ‘कंडिशनल एस्केप’ हे फंक्शन हीच मेथड तपासतं. ते इंजिनाला एस्केप फंक्शन म्हणून देता आलं तर निम्मं काम झालं. निम्मंच, कारण जँगोच्या सुरक्षित स्ट्रिंगला साधी स्ट्रिंग जोडली की शिक्का पुसला जातो. तो पुसला जाणं बरोबरच आहे, उगीच परत मारायला जाऊ नका.

एक्सप्रेसमध्ये व्ह्यू इंजिन म्हणजे पाथ, ऑप्शन्स आणि कॉलबॅक (काम झाल्यावर बोलवायचं फंक्शन) घेणारं एक फंक्शन. एरर कॉलबॅकच्या पहिल्या जागी द्यायची. पण तिथला खरा सापळा ‘ऑप्शन्स’ हा आहे. त्या एकाच ऑब्जेक्टमध्ये तुमचा डेटा आणि फ्रेमवर्कच्या सेटिंग्ज एकत्र येतात. ईजेएस या जावास्क्रिप्ट टेम्प्लेट इंजिनात २०२२ साली जाहीर झालेली सुरक्षेतली भेद्यता यातूनच आली होती. अ‍ॅपनं यूआरएलच्या क्वेरीमधला डेटा जसाच्या तसा रेंडरला दिला, तर बाहेरचा माणूस त्यातून इंजिनाचे पर्याय बदलू शकत होता आणि सर्व्हरवर आपला कोड चालवू शकत होता. ३.१.७ मध्ये ते दुरुस्त झालं. म्हणून ड्रायव्हर लिहिताना डेटा आणि कॉन्फिगरेशन यांची भेट होऊच द्यायची नाही.

कॅशबद्दल (एकदा वाचलेलं टेम्प्लेट जपून ठेवण्याबद्दल) थोडक्यात: पार्सिंग एकदा, रेंडर हजारदा. जिंजा मुळात ४०० टेम्प्लेट स्वतःच कॅशमध्ये ठेवतं, तेव्हा त्यावर आपली आणखी एक कॅश चढवू नका. टेम्प्लेट ऑब्जेक्ट अनेक थ्रेड (समांतर चालणारी कामं) एकाच वेळी वापरतात. रेंडर करताना डेटा ‘सेल्फ’वर, म्हणजे त्या सामायिक ऑब्जेक्टवरच, ठेवला तर एकाचं नाव दुसऱ्याच्या पानावर उमटेल. फाइल वाचताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा आणि टेस्टमध्ये देवनागरी मजकूर ठेवाच. फक्त इंग्रजी मजकुरावर हिरव्या झालेल्या टेस्टवर माझा विश्वास नाही.

टेस्टमध्ये आणखी काय? दोन टिंबं आणि स्लॅश लावून फोल्डरच्या बाहेर जाणारं टेम्प्लेटचं नाव द्या. बेसइंजिनमधलं फाइल शोधणारं फंक्शन असे पाथ गाळतं, पण इन्क्लूडसाठी इंजिनाचा स्वतःचा लोडर वापरलात तर ती गाळणी मध्ये येत नाही, तिथे वेगळी टेस्ट हवी. मस्टॅशसाठी ड्रायव्हर करत असाल तर त्याच्या स्पेसिफिकेशनसोबत कुठल्याही भाषेत चालवता येतील अशा तयार टेस्ट मिळतात, त्या इंजिनावर नुसत्या न चालवता तुमच्या ड्रायव्हरमधून चालवा. काही पडतील, आणि पडलेल्यातल्या किती तुमच्या एस्केप फंक्शनमुळे पडल्या ते आधी पाहा.

ड्रायव्हर चालू लागला की मागण्या येतात: तारीख छापायचा फिल्टर घाला, यूआरएल बनवायचं फंक्शन घाला. मी नाही म्हणतो. जँगोच्या जिंजा ड्रायव्हरमध्ये ‘एनव्हायर्नमेंट’ नावाचा एक पर्याय आहे. त्यात आपल्या फंक्शनचा पत्ता द्यायचा, ते फंक्शन एनव्हायर्नमेंट तयार करून परत देतं, आणि प्रत्येक प्रोजेक्ट आपले फिल्टर नि ग्लोबल तिथे घालतो. तुमच्या ड्रायव्हरमध्ये अशी एक खिडकी पहिल्याच आवृत्तीत ठेवा, मग नाही म्हणताना बोट दाखवायला जागा असते.