बुद्धिमान माणसाची श्रद्धा समजून कशी घ्यावी

एखादी अत्यंत बुद्धिमान व्यक्ती धार्मिक आहे हे कळले की ‘इतकी हुशार असूनही?’ हा प्रश्न आधी ओठांवर येतो. तो बाजूला ठेवावा, कारण श्रद्धा ही केवळ विचारातली चूक असून पुरेशी बुद्धी असली की ती आपोआप सुधारते, हे त्यात गृहीत धरलेले असते. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या 63 अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात बुद्धिमत्ता आणि धार्मिकता यांच्यात व्यस्त संबंध (एक जास्त तर दुसरी कमी, असा) आढळला हे खरे; परंतु तो सरासरीचा संबंध आहे, आणि समोरच्या एका माणसाविषयी तो जवळजवळ काहीच सांगत नाही.

म्हणून श्रद्धा त्या माणसापर्यंत कोणत्या वाटेने आली, ते पाहावे. भौतिकशास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे सँडेमनियन या छोट्या ख्रिस्ती पंथात वाढले. 1821 साली त्यांनी विद्युतचुंबकीय परिभ्रमणाचा (वीज वाहणारी तार चुंबकाभोवती फिरते याचा) शोध लावला, त्याच वर्षी त्यांनी पंथाच्या मंडळीसमोर श्रद्धेची जाहीर कबुलीही दिली. ही वाट घराची आणि सोबतच्या माणसांची आहे. गणितज्ञ ब्लेझ पास्कालची वाट अगदी निराळी होती. 23 नोव्हेंबर 1654 च्या रात्री आलेला उत्कट अनुभव त्याने लिहून ठेवला. ‘तत्त्ववेत्त्यांचा आणि विद्वानांचा देव नव्हे’ असे त्यात त्याने स्पष्ट लिहिले आहे. 1662 मध्ये त्याच्या मृत्यूनंतर तो कागद त्याच्या कोटाच्या अस्तरात शिवलेला सापडला. संभाव्यताशास्त्राचा पाया घालणाऱ्या या गणितज्ञाला त्या रात्री सिद्धता नको होती, हे लक्षात घेतल्याशिवाय त्याच्याशी केलेला वाद व्यर्थ ठरतो.

यानंतर ती श्रद्धा नेमका कोणता दावा करते, हे विचारावे. येथे घाई करू नये, कारण बहुतेक गैरसमज येथेच होतात. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज लमेत्र हे कॅथलिक धर्मगुरूही होते आणि 1927 साली त्यांनी प्रसरणशील विश्वाची मांडणी केली. 1951 मध्ये पोप पायस बारावे यांनी नव्या विश्वशास्त्रात सृष्टिनिर्मितीच्या सिद्धांताला पुष्टी शोधली, तेव्हा लमेत्र यांना ते रुचले नाही. आपला सिद्धांत धार्मिक प्रश्नाच्या बाहेरचा आहे, अशी त्यांची भूमिका होती. दोन प्रश्न त्यांनी जाणीवपूर्वक वेगळे ठेवले होते, आणि मला ही शिस्त फार मोलाची वाटते.

मात्र बुद्धी शंका घेते तशी वकिलीही करते, हेही ध्यानात ठेवावे. आधीच पटलेल्या गोष्टीसाठी हुशार माणूस अधिक सफाईदार युक्तिवाद उभा करू शकतो, आणि हे नास्तिकालाही तितकेच लागू आहे. ते ओळखायचे असेल, तर ‘काय घडले तर तुमचे मत बदलेल?’ असे आदराने विचारावे आणि उत्तर मध्येच न तोडता ऐकावे. श्रद्धा पृथ्वीच्या वयाविषयी किंवा आजार बरा होण्याविषयी दावा करत असेल, तर तेथे इतर कोणत्याही दाव्याइतकाच पुरावा मागावा. बोलणाऱ्याच्या बुद्धीमुळे त्यात सूट देऊ नये.