पावसात ब्रेक लागेना, तेव्हा

जुलैतली कोल्हापूरच्या रंकाळ्यापासून पन्हाळ्यापर्यंतची सायकल राइड. अंतर वीसेक किलोमीटरच, पण शिवाजी पुलापासूनच धो-धो सुरू. चढ कसाबसा काढला. परतीला वाघबीळच्या उतारावर ब्रेक दाबला तर नुसतं खर्रर्र, सायकल थांबायचं नावच घेईना. मागून कुणीतरी ओरडलं, "भावा, दमानं!"

कडेला घेतली. ब्रेकच्या रबरात बारीक खडे रुतलेले, रिमवर काळा राडा. घराच्या किल्लीनं खडे उकरले, बनियनच्या टोकानं रिम पुसली, ओल्या रस्त्यावर टायर घसरू नयेत म्हणून दोन्ही चाकांतली थोडी हवा सोडली. मग वळणाच्या बऱ्याच आधीपासून ब्रेक हलका दाबत-सोडत आलो. रिमवरचं पाणी निघाल्यावरच पकड येते. रेनकोट मात्र फुकट गेला, आतून घामानंच भिजलो. घरी आल्यावर आधी चेनला तेल, मग चहा.