लॅबमध्ये फुकटचं ऑफिस की विकतचं? या चुका टाळा

लॅबमध्ये पीसी वीस-पंचवीस, एमएस ऑफिसचं लायसन्स मात्र एकाचंच. बाकीच्यांवर कुणीतरी पेनड्राइव्हवरून क्रॅक मारून दिलेला. बऱ्याच क्लासेसचं गणित इथेच फसतं. ॲक्टिव्हेटर (विनालायसन्स ऑफिस चालू करून देणारा प्रोग्राम) चालावा म्हणून अँटिव्हायरस बंद करतात आणि मग मुलांच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस घरोघरी पोचतो. त्यापेक्षा लिब्रेऑफिस टाका, हे एमएस ऑफिससारखंच पण फुकटचं सॉफ्टवेअर. मशीन कितीही असोत, पैसे लागत नाहीत.

पण नाव ओळखीचं वाटतं म्हणून ओपनऑफिस हे दुसरं फुकटचं ऑफिस उतरवू नका. लिब्रेऑफिस 2010 मध्ये त्याच्यातूनच वेगळं झालं आणि पुढची बहुतेक सुधारणा इकडेच झाली. ओपनऑफिसमध्ये डॉकएक्स (वर्डची नेहमीची) फाइल उघडते, पण डॉकएक्स म्हणून सेव्ह करता येत नाही.

सगळ्यात जास्त डोकेदुखी मराठीची. स्टाइलमध्ये साइझ 18 केला, इंग्रजी मोठं झालं, मराठी ढिम्म! लिब्रेऑफिसमध्ये देवनागरीचा फॉन्ट आणि साइझ वेगळा ठरवावा लागतो. टूल्स–ऑप्शन्समधल्या भाषेच्या सेटिंगमध्ये ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ला टिक करून मराठी निवडा, मग स्टाइलमध्ये तो रकाना दिसतो. जुन्या प्रश्नपत्रिका कृतिदेव किंवा श्रीलिपी अशा युनिकोडआधीच्या फॉन्टमध्ये असतील तर ज्या पीसीवर तो फॉन्ट नाही तिथे वर्डमध्येही अगम्य चिन्हंच दिसणार. त्या एकदाच कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्या दिसणाऱ्या मराठीत आणा. सॉफ्टवेअर बदलून हे दुखणं जात नाही.

पानं सरकतात ही तक्रार बहुधा फॉन्टची असते. वर्डचा कॅलिब्री फॉन्ट नसेल तिथे कार्लिटो हा फॉन्ट टाका, अक्षरांची रुंदी तीच आहे. छपाईला मात्र पीडीएफच द्या.

‘नोकरीत वर्डच लागतं’ हे अर्धंच खरं. स्टाइल, अनुक्रमणिका, मेल मर्ज, व्हीलुकअप ज्याला समजलं त्याला बटणं शोधायला वेळ लागत नाही. लिब्रेऑफिसमध्ये व्ह्यू–युझर इंटरफेसमधून ‘टॅब्ड’ घेतलं की वर्डच्या रिबनसारखी (वरच्या बटणांच्या पट्टीसारखी) मांडणीही मिळते. मुलं एमएस-सीआयटीला किंवा दुसऱ्या कुठल्या परीक्षेला बसणार असतील तर अभ्यासक्रमात कोणतं सॉफ्टवेअर नेमलंय ते आधी बघा. एमएस ऑफिस असेल तर तेच शिकवा, उगाच तत्त्वासाठी मुलांचे मार्क घालवू नका. पात्र शाळांना मायक्रोसॉफ्टची वेबवरची आवृत्ती फुकट मिळते, पण लॅबचं नेट दुपारी झोपत असेल तर तिचा उपयोग नाही.

एक्सेलच्या निकालपत्रकात व्हीबीए मॅक्रो (आपोआप काम करणारे छोटे प्रोग्राम) असतील तर ते कॅल्कमध्ये, म्हणजे लिब्रेऑफिसच्या एक्सेलमध्ये, धड चालतील या भरवशावर राहू नका. शाळेच्या ऑफिसातला तो एक पीसी लायसन्सवाल्या एक्सेलवरच राहू द्या.