वचनाला जोडलेली टिपणे: बायबल अभ्यासासाठी मोबाइल ॲप कसे रचावे

रविवारच्या उपासनेत पाळकसाहेब "योहान तीन सोळा" असे म्हणतात आणि ते पुढच्या संदर्भाकडे वळेपर्यंत ऐकणाऱ्याला जेमतेम काही सेकंद मिळतात. एका हातात पवित्र शास्त्र उघडलेले असते आणि फोनवर लिहायला दुसऱ्या हाताचा अंगठा तेवढा मोकळा असतो. फोनमधले साधे नोट्सचे ॲप इथे कमी पडते. लिहिलेले तारखेखाली साठत जाते आणि पुढे कुटुंब उपासनेत तेच वचन आले की जुने टिपण हाती लागत नाही. शास्त्राच्या समासात पेन्सिलीने लिहिणाऱ्या पिढीला ही अडचण कधीच नव्हती, कारण त्यांचे टिपण वचनाशेजारीच असे. त्यामुळे बायबल अभ्यासाचे ॲप रचताना वचन हाच टिपणाचा पत्ता धरावा आणि तारखेला दुय्यम नोंदीचे स्थान द्यावे. पुढचे बहुतेक निर्णय यातूनच निघतात.

हा पत्ता मजकुराच्या रूपात साठवू नये. "योहान ३:१६", "योहान 3.16" आणि "यो. ३/१६" हे माणसाला एकच वाटतात, पण संगणकाला ते तीन वेगळे शब्द दिसतात. त्यापेक्षा पुस्तकाचा क्रमांक दोन अंकी, अध्याय तीन अंकी आणि वचन तीन अंकी धरून एकच संख्या तयार करावी. प्रोटेस्टंट क्रमात योहानाचे शुभवर्तमान ४३ वे असल्यामुळे योहान ३:१६ ची संख्या ४३००३०१६ होते. अध्याय आणि वचन या दोहोंना तीन अंक लागतात, कारण स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत आणि एकट्या ११९ व्या स्तोत्रात १७६ वचने आहेत. प्रत्येक टिपणाला आरंभ आणि शेवट अशा दोन संख्या द्याव्यात, एकच वचन असेल तर दोन्ही सारख्या. यशया ५२:१३ ते ५३:१२ हा सेवकाविषयीचा उतारा अध्यायाची सीमा ओलांडतो, पण २३०५२०१३ ते २३०५३०१२ असा तो बिनबोभाट साठवता येतो. पुढे कोणी यशया ५३:५ उघडले, तर ज्यांचा आरंभ त्या संख्येच्या आधी किंवा तिच्यावर आणि शेवट तिच्यावर किंवा नंतर आहे अशी सर्व टिपणे एका साध्या प्रश्नात मिळतात. एका टिपणात अनेक संदर्भ येऊ शकतात, म्हणून संदर्भांचा तक्ता टिपणांच्या तक्त्यापासून वेगळा ठेवावा.

वचनांचे आकडे मूळ लेखनाचा भाग नाहीत. नव्या करारातील आज रूढ असलेले वचनांक रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ च्या आवृत्तीत घातले. साहजिकच सर्व आवृत्त्यांची गणना तंतोतंत जुळत नाही. मराठी वाचकाला मलाखी ४:१ म्हणून परिचित असलेले वचन हिब्रू गणनेत ३:१९ आहे. तेव्हा एक गणना प्रमाण धरून तिच्यातच साठवावे आणि इतर आवृत्त्यांसाठी रूपांतराचा छोटा तक्ता ठेवावा. कॅथलिक बायबलमध्ये ६६ ऐवजी ७३ पुस्तके असतात. ही जादा पुस्तके मध्ये घुसवून क्रमांक सरकवल्यास जुनी टिपणे भलत्याच पुस्तकाला जाऊन चिकटतील, म्हणून त्यांना ६७ पासून पुढचे क्रमांक द्यावेत आणि पडद्यावरील क्रम निराळा नोंदवावा.

संदर्भ भरण्याची सोय हा या ॲपचा कणा आहे. पुस्तक, अध्याय आणि वचन अशा तीन याद्या एकापाठोपाठ उघडणारी रचना दिसायला नीटनेटकी असते, पण उपासनेत ती निरुपयोगी ठरते. त्याऐवजी एकच चौकट द्यावी आणि "यो ३ १६" एवढ्यावर ॲपने अर्थ लावावा. देवनागरी आणि इंग्रजी असे दोन्ही अंक, तसेच रोमन लिपीत लिहिलेली पुस्तकांची नावे स्वीकारावीत. "यो" वर योहान, योएल आणि योना हे तिन्ही पर्याय दिसावेत, मात्र अधिक वापरले जाणारे पुस्तक वर असावे. "पहिले करिंथ" आणि "१ करिंथ" यांत फरक करू नये. ओबद्या, फिलेमोन, २ योहान, ३ योहान आणि यहूदा ही पाच पुस्तके एकाच अध्यायाची आहेत. "यहूदा ३" याचा अर्थ तिसरे वचन असा घ्यावा लागतो. तिसरा अध्याय शोधत बसणारे ॲप पहिल्याच रविवारी विश्वास गमावते. अर्थ लागला नाही तरी लिहिणे अडवू नये. टिपण तसेच राहू द्यावे आणि संदर्भ नंतर जोडता यावा.

आता शोधाकडे वळू, कारण मराठी ॲप बहुधा इथेच घसरते. टिपणांसाठी एसक्युलाइट हा फोनमध्येच चालणारा डेटाबेस उत्तम आहे, पण त्याच्या एफटीएस५ या शोधसूचीतील युनिकोड६१ हा शब्द तोडणारा घटक मूळ मांडणीत केवळ अक्षरे आणि अंक यांनाच शब्दाचा भाग मानतो. वेलांटी, मात्रा आणि हलन्त ही चिन्हे युनिकोडच्या, म्हणजे संगणकातील लिपिचिन्हांच्या प्रमाण संकेताच्या, वर्गवारीत अक्षरे नसल्यामुळे प्रत्येक चिन्हापाशी शब्द तुटतो. "प्रीती" या शब्दाचे प, र, त असे तीन तुकडे होतात. "पूर्ती"चे तेच तीन होतात आणि "प्रेत"चेही तेच. प्रीतीविषयीची टिपणे शोधणाऱ्या माणसाला प्रेते दाखवणारे ॲप कोणालाही नको असेल. यावर उपाय सोपा आहे: सूची तयार करतानाच वर्गांच्या पर्यायात एमएन आणि एमसी हे दोन चिन्हवर्ग जोडावेत. अँड्रॉइडच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत एसक्युलाइटही निरनिराळे असते, म्हणून ॲपबरोबर स्वतःची प्रत देणे श्रेयस्कर.

तेवढ्याने भागत नाही. "दुसऱ्या" यातील अर्धा र दोन प्रकारे टंकित होतो: एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असते, तर दुसऱ्यात साध्या र ला हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह लागते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात आणि युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही. "ॲ" ची गतही तीच. सूचीत घालण्यापूर्वी मजकुराची एक प्रत एकरूप करून घ्यावी, शोधशब्दावरही तीच प्रक्रिया करावी आणि मूळ टिपणाला मात्र हात लावू नये. मराठीत शब्दांना प्रत्यय लागत असल्याने शोध शब्दाच्या आरंभावरून चालवावा, म्हणजे "कृपा" दिल्यावर "कृपेने" हुकले तरी "कृपाळू" सापडेल. सामान्यरूपांसाठी "कृपा", "तारण", "पाप" अशा नेहमीच्या शब्दांची हाताने केलेली यादीच अधिक कामी येते.

पडद्याविषयी थोडक्यात सांगता येईल. मात्रा वर आणि उकार खाली जात असल्यामुळे ओळींतील अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपटीहून कमी नसावे, भाषा मराठी म्हणून नोंदवावी म्हणजे फाँटमध्ये सोय असल्यास ल आणि श मराठी वळणाचे दिसतात, आणि फोनमध्ये निवडलेला अक्षरांचा आकार ॲपने मानावा.

शास्त्राचा मजकूर ॲपमध्ये घालावा का? माझ्या मते पहिल्या आवृत्तीत घालू नये. प्रचलित मराठी भाषांतराचे हक्क प्रकाशक संस्थेकडे असल्यास लेखी परवानगी लागते. पंडिता रमाबाईंचे भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यामुळे ६० वर्षांची मुदत कधीच सरली आहे. पण आजच्या उपासनेत वाचला जाणारा मजकूर तो नव्हे. छापील प्रत लोकांच्या हातात असतेच, ॲपने वहीचे काम नीट करावे.

टिपणे आधी फोनवर साठावीत आणि नेटची गरज केवळ टिपणांची राखीव प्रत ठेवण्यासाठी लागावी. गगनबावडा किंवा राधानगरीकडच्या प्रार्थना सभेत सिग्नल गृहीत धरता येत नाही. दोन फोनवर एकच टिपण बदलले गेले, तर शेवटचे ठेवून आधीचे पुसण्याऐवजी दोन्ही दाखवावीत. अशा वहीत प्रार्थनेच्या विनंत्याही येतात, म्हणजे कोणाचे आजारपण, कोणाच्या घरातील भांडण. असा मजकूर सर्व्हरवर उघड्या रूपात जाऊ नये आणि ॲपला कुलूप असावे. निर्यात साध्या मजकुरात द्यावी, कारण ती व्हॉट्सॲपवर जशीच्या तशी जाते. पीडीएफ द्यायची असेल तर फोनच्या स्वतःच्या छपाई सोयीतून द्यावी, कारण पीडीएफ बनवणाऱ्या अनेक तयार साधनांत जोडाक्षरे फुटतात.

चाचणी कार्यालयात बसून करू नये. अमेरिकन मिशनरी रॉयल गूल्ड वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले आणि पुढे येथे प्रेस्बिटेरियन परंपरेच्या मंडळ्या वाढल्या. शहरातील एक मंडळी आणि तालुक्याच्या गावातील एक अशा दोन ठिकाणी पाळक, संडे स्कूलच्या शिक्षिका आणि चष्मा लावून वाचणारे एखादे ज्येष्ठ सभासद यांच्या हाती ॲप द्यावे. संदेशात सलग तीन संदर्भ आले तर तिसरा पकडता येतो का, हे मागे बसून पाहावे. तो सुटत असेल, तर इतर सर्व कामे थांबवून आधी संदर्भाची चौकट दुरुस्त करावी.