लँडलाइनला विजेपासून वाचवायचं, तर अर्थिंग एकच ठेवा

खांबावरून उघड्यावर लोंबत येणारी फोनची तार म्हणजे वळिवाच्या दिवसांत मोडेमचा काळच. वीज थेट तारेवर पडायला हवी असंही नाही. जवळपास पडली तरी तारेत हजारो व्होल्टची लाट उठते.

230 व्होल्टची, तीन पायांची गॅस डिस्चार्ज ट्यूब आणा. दाब ठरावीक व्होल्टच्या वर गेला की ती पेटते, म्हणजे क्षणभर वाहक होते आणि लाट अर्थिंगमध्ये सोडते. 90 व्होल्टची चालत नाही. लाइनवर 48 व्होल्ट डीसी असतो, रिंग आली की त्यावर साधारण 75 व्होल्ट एसी चढतो, शिखर 150 च्या वर जातं आणि 90 ची ट्यूब रिंगलाच पेटते. दोन पायांच्या दोन वेगळ्या ट्यूबही नकोत. एक आधी पेटली की त्या क्षणभरात दोन तारांमधला सगळा दाब उपकरणावर येतो. ब्रॉडबँड असेल तर व्हॅरिस्टर (लाट आवरणारा दुसऱ्या प्रकारचा भाग) लावू नका, त्याच्या कपॅसिटन्समुळे, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या गुणामुळे, वेग पडतो.

तार घरात शिरते तिथेच, रोझेटच्या (फोन जोडायच्या भिंतीवरच्या डबीच्या) आधी, बाजूचे दोन पाय लाइनच्या दोन तारांना आणि मधला अर्थिंगला जोडा. आभाळ भरलेलं असताना हे काम मुळीच करू नका.

आता अर्थिंग. इथेच बहुतेक घरं फसतात. ‘फोनला वेगळं, स्वच्छ अर्थिंग द्या’ हा सल्ला सर्रास मिळतो आणि तो घातक आहे. फोनसाठी अंगणात वेगळा रॉड ठोकला, त्याचा रोध 10 ओहम आहे आणि लाटेचे 500 अँपिअर त्यात उतरले, तर ट्यूबचा मधला पाय 5000 व्होल्टवर जातो. विजेच्या मीटरचं अर्थिंग मात्र शून्याजवळच राहतं. या दोन टोकांमध्ये अडकलेली वस्तू एकच: मोडेम. एक पिन फोनच्या तारेत, दुसरी भिंतीतल्या सॉकेटात. ट्यूब नीट पेटली तरी तो जळतो, आणि लोक ट्यूबला दोष देतात.

म्हणून ट्यूबची तार घराच्या मुख्य अर्थिंगलाच जोडा. रॉड आधीच ठोकला असेल, तर तोही 6 चौ. मिमी तांब्याच्या तारेने मुख्य अर्थिंगशी बांधा. हे काम वायरमनकडूनच करून घ्या. तार आखूड आणि सरळ हवी. उरलेल्या तारेची गुंडाळी करून ठेवणं ही हमखास दिसणारी चूक. मीटरभर तारेत साधारण 1 मायक्रोहेन्री इंडक्टन्स असतो, म्हणजे वेगाने चढणाऱ्या प्रवाहाला तार स्वतःच अडवते. प्रवाह मायक्रोसेकंदाला 1000 अँपिअरने चढला, तर मीटरमागे 1000 व्होल्ट वाढले. जागा बदलून ही तार अर्ध्या मीटरच्या आत बसवता येत असेल, तर ट्यूबची जागा बदला.

विजांनंतर डायल टोन गेला, तर आधी ट्यूब काढून पाहा. टोन परत आला, तर ती आतून शॉर्ट झाली आहे, नवी बसवा. आणि थेट तारेवर पडलेल्या विजेला हे काहीच आवरत नाही, त्यामुळे गडगडाट ऐकू येण्याआधीच फोनची पिन आणि अडॅप्टर दोन्ही काढून ठेवा.