चिखलात काहीच नाही, असं मी लिहिलं होतं

प्रोजेक्टला ब्रायोझोआ (वसाहती करून राहणारे बारीक समुद्री प्राणी) घेतलेत ना, मग अर्ध्या मिलिमीटरच्या कोठड्या, चुन्याची जाळी वगैरे माहीत असेलच. मालवणच्या खडपांवर, सरगॅसम या समुद्रशेवाळावर, ट्रॉलरने फेकलेल्या शंखांवर ते भरपूर सापडतील. मालवणच्या सागरी अभयारण्याच्या हद्दीत (१९८७ पासूनचं आहे) वनखात्याची परवानगी आधी काढा, खूप वेळ जातो.

मी खडप, वाळू आणि चिखल अशी तुलना करत होते. सॅम्पल आलं की ०.५ मिमीच्या चाळणीतून गाळायचं, रोझ बेंगॉल (गुलाबी रंग) घातलेल्या १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे नमुने टिकवायच्या द्रावणात, टाकायचं, झाकण घट्ट. बेंथोसवाले, म्हणजे समुद्रतळाचे जीव अभ्यासणारे, करतात तसंच. सात महिन्यांनी बरण्या उघडल्या तर खडपावरच्या जाड खपल्या शाबूत आणि चिखलातल्या शिंपल्यांवर नुसते गुलाबी पापुद्रे. मी लिहून मोकळी झाले: चिखलात विविधता नगण्य.

लॅबमधल्या मामांनी निळा लिटमस बरणीत बुडवला. लाल झाला. "गो बाय, ह्या आंबला," एवढंच म्हणाले.

फॉर्मॅलिन पडून राहिलं की त्यात फॉर्मिक आम्ल तयार होतं, आणि ते चुना खातं. पातळ भिंतीच्या वसाहती आधी जातात, जाड शेवटी. म्हणजे नुकसान सगळ्या तळांवर सारखं होत नाही, आणि तुलना तिथेच बाद. म्हणून फॉर्मॅलिनच वापरायचं तर टाकणखार घाला, तळाशी थोडा न विरघळता उरेल इतका. आठवड्याला लिटमस बुडवा. खरं तर चुन्याच्या जाती सरळ ७० टक्के अल्कोहोलमध्येच ठेवा. एसईएमसाठी (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी) ब्लीचने साफ करताना आधी मऊ, बिनचुन्याच्या जाती वेगळ्या काढा. त्या ब्लीचमध्ये शिल्लकच राहत नाहीत.

गाइडना हे सुरुवातीला विचारायला हवं होतं. पण गाइड लोक ड्राफ्ट वाचतात, बरणी कोण उघडतं? मामांना विचारा. आणि युरोपच्या किनाऱ्याची की (जाती ओळखायचा तक्ता) लावून कोकणातल्या जातीला नाव चिकटवू नका. नाव जुळतं, हाच धोका. मी चार चिकटवली होती, चारही खोडली.

घाबरू नका, वर्ष बुडत नाही. मी चिखलाची दोन स्टेशनं (सॅम्पल घ्यायच्या जागा) पुन्हा केली. पहिल्याच रिकाम्या शिंपल्यात (तिसऱ्या खातो ना, त्यातल्याच एकीच्या), आतल्या बाजूला, नखाएवढी वसाहत होती.