मोठ्या संख्येची कुंडली कशी मांडावी

सहा-सात अंकी संख्या समोर आली की आपण लगेच २, ३, ५, ७ असे भागत सुटतो. त्याआधी एक बेरीज आणि एक वजाबाकी केली, तर निम्मे काम तिथेच होते. उदाहरणाला १,४२,८५७ घेऊ.

१. लाखाचा स्वल्पविराम बाजूला ठेवा आणि उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा: १४२ । ८५७.

२. गटांची बेरीज करा. १४२ + ८५७ = ९९९. हजाराला ९९९ ने भागले की बाकी १ उरते, म्हणून ९९९ किंवा त्याच्या कोणत्याही विभाजकाने बेरजेला भाग गेला, तर मूळ संख्येलाही जातो. आणि ९९९ = २७ × ३७. एका बेरजेत २७ आणि ३७ दोन्ही सापडले! ३७ ची एवढी सोपी कसोटी असते, हे मला फार उशिरा कळले.

३. आता वजाबाकी. ८५७ − १४२ = ७१५. इथे १००१ = ७ × ११ × १३ उपयोगी पडतो. ७१५ ला ११ आणि १३ ने भाग जातो, ७ ने जात नाही; मूळ संख्येचेही तसेच. ७१५ ला ५ नेही भाग जातो, पण त्याला भुलू नका. ही कसोटी ७, ११ आणि १३ यांच्यापुरतीच आहे. गट दोनाहून जास्त असतील तर उजवीकडून एक अधिक, एक उणे असे चालत जा.

भागून पाहिले तर १,४२,८५७ = ९९९ × १४३, म्हणजे ३³ × ११ × १३ × ३७.

४. विभाजक मोजा. प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार करा: ४ × २ × २ × २ = ३२.

५. संख्येला २ ते ६ ने गुणा. २,८५,७१४, ४,२८,५७१, ५,७१,४२८, ७,१४,२८५, ८,५७,१४२. तेच सहा अंक, त्याच क्रमाने गोल फिरतात. ७ ने गुणले की ९,९९,९९९. कारण वरच आले आहे: ९९९ × १००१ = ९,९९,९९९, आणि १००१ मधला ७ काढला की १४३ उरतात. १ ला ७ ने भागताना दशांशचिन्हापुढे हेच अंक पुन्हा पुन्हा येतात.

६. शेवटी वर्ग. आठ अंकी कॅल्क्युलेटरवर तो मावत नाही, हातानेच करा. आपली संख्या म्हणजे १,४३,००० − १४३. आधी १,४२,८५७ × १४३ = २,०४,२८,५५१ काढा. त्यापुढे तीन शून्ये देऊन त्यातून तोच आकडा वजा करा: २०४०८१२२४४९. उजवीकडचे सहा अंक तोडून दोन्ही तुकडे मिळवा:

२०४०८ + १२२४४९ = १४२८५७

अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांचे हे नाव. सगळे सारखे नसलेले चार अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहिले की शेवटी येणारा ६१७४ हा स्थिरांकही त्यांचाच. आपल्या बत्तीस विभाजकांत २९७ आहे. त्याचा वर्ग ८८,२०९, आणि ८८ + २०९ = २९७.